इलिनॉयमधील मराठी बंधुभगिनींस जाहीर आवाहन



आपल्या घरपट्टीच्या बिलात शाळा, उद्याने आणि ग्रंथालय यांच्या जोडीला आपल्या विभागाच्या कम्युनिटी कॉलेजचीही एक स्वतंत्र ओळ असते. परंतु ते कॉलेज आपल्या मुलांसाठी नव्हे अशी जी समजूत, कोणी उघड बोलून न दाखविताही, आपल्या समाजात रुजलेली आहे, तिच्यामुळे विधिमंडळापुढे आलेल्या एका महत्त्वाच्या विधेयकाकडे आपले दुर्लक्ष होईल अशी मला धास्ती वाटते, आणि म्हणूनच हे निवेदन.

गव्हर्नर प्रिट्झकर यांनी फेब्रुवारी २०२५ मधील आपल्या अभिभाषणात कम्युनिटी कॉलेजांना चार वर्षांची पदवी देण्याची मुभा असावी असे सुचविले, आणि त्या आशयाचे विधेयक त्याच वर्षीच्या अधिवेशनात दाखल झाले. आजमितीस ही कॉलेजे दोन वर्षांची असोसिएट पदवी देऊन थांबतात. देशातील सर्वांत जुने सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज १९०१ साली याच राज्यात, जोलिएट येथे, शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि जोलिएटचे शाळाप्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांच्या पुढाकाराने अवघ्या सहा विद्यार्थ्यांनिशी सुरू झाले; मात्र पूर्ण पदवीचा मार्ग फ्लॉरिडाने २००१ साली मोकळा केला, कॅलिफोर्नियाने २०१४ साली मोजक्या कॉलेजांपुरता प्रयोग मंजूर करून २०२१ साली तो कायम केला, आणि तेथे दंतारोग्य किंवा श्वसनोपचार यांसारख्या विषयांतील संपूर्ण पदवी सुमारे साडेदहा हजार डॉलर फीमध्ये पदरी पडते.

या पदवीची निकड कोणाला आहे हे पाहावयाचे असेल, तर एखाद्या सायंकाळी सहाच्या सुमारास जवळच्या कॉलेजात जावे. कामाचे कपडेही न बदलता परस्पर वर्गात आलेले कारागीर तेथे दिसतील. आणि त्यांच्यातच, पतीच्या नोकरीनिमित्त या देशात येऊन कामाच्या परवान्याची वर्षानुवर्षे वाट पाहिलेली, इंग्रजीच्या वर्गापासून आरंभ करून नर्सिंगच्या असोसिएट पदवीपर्यंत पोहोचलेली आपलीच एखादी भगिनी भेटेल. रुग्णालये आता परिचारिकांकडून पूर्ण पदवीची अपेक्षा उत्तरोत्तर अधिक करू लागली आहेत. डिकाल्बच्या विद्यापीठात जा, असे तिला सांगणे सोपे आहे; परंतु मुलांची शाळा, रात्रपाळी आणि घरातील वृद्ध सासूसासरे यांच्या वेळा सांभाळून शिकागोच्या उपनगरांतून रोज तेथवर जाणेयेणे तिने कसे करावे, याचे उत्तर सल्ला देणाऱ्यांपैकी कोणाजवळही नसते. मराठवाड्यातून आलेल्या वडीलधाऱ्यांना हे निराळे समजावून सांगावयास नको. १९५८ साली औरंगाबादेस विद्यापीठ स्थापन होईपर्यंत तेथील कॉलेजे दूर हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेली होती, आणि पदवीचे ठिकाण जवळ आल्याने किती घरांत पहिला पदवीधर निर्माण झाला, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेले आहे.

विद्यापीठांचे विद्यार्थी यामुळे कमी होतील, ही विरोधकांची हरकत पोकळ नाही. प्रादेशिक सार्वजनिक विद्यापीठांपैकी काहींची विद्यार्थीसंख्या घटत आहे, आणि त्यांतील काही विद्यापीठे कृष्णवर्णीय व श्रमिक कुटुंबांचा मोठा आधार आहेत. त्यांचे नुकसान करून मिळणारी सोय आपल्यालाही नको. म्हणून जेथे उद्योगांची व रुग्णालयांची मागणी सिद्ध आहे आणि शेजारचे विद्यापीठ तो अभ्यासक्रम चालवीत नाही, तेवढ्यापुरतीच ही मुभा असावी, अशीच विनंती आपण करावी. कॅलिफोर्नियाच्या कायद्यातही अशा द्विरुक्तीस मनाई आहे.

अधिवेशनाचे नियमित कामकाज ३१ मे रोजी संपते. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर समितीच्या बैठकीपूर्वी 'विटनेस स्लिप' भरता येते. नाव, पत्ता, व्यवसाय आणि विधेयकास पाठिंबा की विरोध, अशी माहिती तीत नमूद करावयाची असते, आणि साक्ष देण्यासाठी स्प्रिंगफील्डला जाण्याची सक्ती नाही. त्याखेरीज आपल्या विभागाच्या प्रतिनिधीस आणि सिनेटरला एकेक पत्र धाडावे, त्यात आपल्या घरातील किंवा ओळखीतील खरी हकीकत लिहावी, आणि वर सांगितलेली अट स्पष्ट शब्दांत घालावी. आपल्या कॉलेजच्या विश्वस्त मंडळाच्या सभा खुल्या असतात आणि तेथे नागरिकांना बोलण्यासाठी वेळ राखून ठेवलेला असतो; पुढच्या सभेस प्रत्येक उपनगरातून निदान दोघांनी जावे, आणि जी भगिनी सायंकाळच्या वर्गामुळे येऊ शकणार नाही तिचे म्हणणे तिच्या संमतीने तेथे वाचून दाखवावे.