टाकी कुणाची?

बालदोस्तांनो, परवा मधल्या सुट्टीत चौथीतला एक मुलगा धावत आला. "बाई, आमच्याकडे पाइपचा गॅस आला! जुनी टाकी आता भंगारवाल्याला देणार."

"अरे थांब," मी म्हटलं, "ती टाकी तुमची आहेच कुठे?"

तुम्हीही चकित झालात ना? दर खेपेला आपण पैसे मोजतो ते आतल्या १४.२ किलो गॅसचे. टाकी कंपनीची असते. कनेक्शन घेताना आपण फक्त अनामत रक्कम भरतो. लायब्ररीचं पुस्तक आपण रद्दीत घालतो का? तसंच हे.

शिवाय 'रिकामी' टाकी पूर्ण रिकामी नसतेच. शेगडी विझली तरी आत थोडा गॅस उरतो. हा गॅस हवेपेक्षा जड. गळला, की वर न जाता जमिनीलगत साचतो. भंगाराच्या दुकानात कुणी अशी टाकी कापायला घेतली आणि ठिणगी उडाली तर? तिथे काम करणारा पोरगा कधीकधी तुमच्या दादाएवढाच असतो हो.

म्हणून टाकी एजन्सीतच परत करायची. टोपण घट्ट लावून ती उभी ठेवायची, पण हे काम मोठ्यांचं. तुम्ही कागद शोधा! कनेक्शनचं व्हाउचर, गॅसचं पुस्तक आणि रेग्युलेटर न्यायचा. अनामत परत मिळते, पण पूर्वी भरली असेल तेवढीच.

आमच्या चौथीच्या वीराला व्हाउचर दोन दिवसांनी सापडलं. देवघराच्या खणात, आजोबांच्या नावाचं! शनिवारी दोघं मिळून एजन्सीत जाणार आहेत.