विश्लेषण : मोठ्या गाडीचे कॅलिपर लावले की छोटी गाडी लवकर थांबते?

समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मर्यादा आहे. सावंगी किंवा माळीवाड्याच्या इंटरचेंजवरून वर चढले की दहा-बारा वर्षे जुनी हॅचबॅकही हा वेग सहज गाठते. पंचाईत होते ती थांबताना. मग गॅरेजमध्ये एक सल्ला हमखास मिळतो : ‘त्याच कंपनीच्या मोठ्या गाडीचे कॅलिपर टाका, ब्रेक एकदम कडक होतील.’ भंगारात गेलेल्या सेदानचे कॅलिपर नव्या भागांपेक्षा खूप स्वस्त मिळतात. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारखे सुट्या भागांचे बाजार यासाठी प्रसिद्धच आहेत.

छत्रपती संभाजीनगरात हा प्रश्न जरा जास्तच जवळचा. शेंद्र्यात 2001 पासून स्कोडाच्या मोटारी जुळवल्या गेल्या, वाळूजच्या एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीजमध्ये दुचाकींचे डिस्क ब्रेक बनतात. या शहरात कॅलिपर हातात धरलेला माणूस शोधायला लांब जावे लागत नाही. तरीही हा सल्ला टिकून आहे, कारण तो निम्मा खरा आहे.

कॅलिपर बदलल्याने नेमके काय बदलते?

पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधले ब्रेक ऑइल नळ्यांतून कॅलिपरकडे ढकलले जाते. तिथला पिस्टन पुढे सरकतो आणि दोन पॅड फिरत्या डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळतात. आवळण्याचा जोर पिस्टनच्या क्षेत्रफळावर ठरतो. समजा मूळ पिस्टनचा व्यास 48 मिलिमीटर आहे आणि मोठ्या गाडीचा 54. फरक सहाच मिलिमीटरचा दिसतो, पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते. म्हणजे तेवढ्याच दाबात जोर सुमारे 27 टक्क्यांनी वाढला.

मात्र हा जोर फुकट मिळत नाही. मोठा पिस्टन तेवढाच सरकवायला ऑइलही 27 टक्के जास्त लागते आणि मास्टर सिलिंडर तर जुनाच असतो. त्यामुळे पेडल आणखी खाली जाते. हलके दाबले तरी गाडी पटकन धरते, म्हणून मालक खूश होतो. पण हलक्या पायाला मिळालेला प्रतिसाद आणि संकटात गाडी थांबायला लागलेले अंतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळा घोळ इथेच आहे.

मग थांबण्याचे अंतर कशावर ठरते?

शेवटी रस्त्याला धरून ठेवतो तो टायर. कोरड्या डांबरी रस्त्यावर टायरची पकड 0.8 धरली, तर 100 च्या वेगावरून थांबायला साधारण 49 मीटर लागतात आणि 120 वरून 71. पावसात पकड 0.5 वर आली की 120 वरून 113 मीटर. ब्रेकवर पाय जाईपर्यंतच्या एका सेकंदात गाडी 33 मीटर पुढे गेलेली असते, ते वेगळेच. या गणितात वेग आहे, पकड आहे, गुरुत्वाकर्षण आहे. कॅलिपर कुठेच नाही, आणि गंमत म्हणजे गाडीचे वजनही त्यात येत नाही.

कॅलिपरचा संबंध येतो तो मूळ ब्रेक चाक लॉक करण्याइतके सक्षम नसतील तेव्हा. जोरात दाबल्यावर एबीएस पायाखाली थरथरत असेल, तर ब्रेकने टायरची मर्यादा आधीच गाठलेली आहे. त्यापुढे 27 टक्के जोर वाढवून फक्त एबीएस लवकर सुरू होईल. संयुक्त राष्ट्रांच्या आर 13-एच या ब्रेकविषयक नियमानुसार मोटार 100 च्या वेगावरून 70 मीटरच्या आत थांबावी लागते. नव्या टायरवरची बहुतेक गाडी त्याहून बरीच आधी थांबते.

तोल का बिघडतो?

ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे झुकतो. पुढच्या आणि मागच्या चाकांना किती जोर द्यायचा, याचे प्रमाण कंपनी त्या गाडीच्या वजनानुसार आणि लांबीनुसार ठरवते. एबीएसची प्रणालीही त्याच हिशेबाने बसवलेली असते. पुढचा जोर भलताच वाढवला तर पुढची चाके मर्यादेला पोहोचतात आणि मागची जवळपास रिकामी राहतात. थांबण्याचे अंतर उलट वाढू शकते. मागे मोठा ब्रेक टाकणे तर त्याहून धोक्याचे. मागची चाके आधी लॉक झाली की गाडी गरकन फिरते. एप्रिल 2019 मध्ये एबीएस सर्व नव्या मोटारींना सक्तीचे झाले. त्याआधीच्या अनेक स्वस्त मॉडेलमध्ये ते नाही, आणि असे प्रयोग होतात ते बहुधा याच गाड्यांवर.

कंपन्या स्वतः काय करतात, हे पाहण्यासारखे आहे. ऑक्टेव्हियाच्या पहिल्या पिढीच्या काळात फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांत पुढच्या डिस्क 256, 280, 288 अशा चढत्या मापांच्या होत्या. पिस्टन तोच ठेवून डिस्क मोठी केली की ऑइल तेवढेच लागते, पेडलही तेवढेच जाते. जोर मात्र केंद्रापासून लांब लागतो, शिवाय उष्णता मुरायला जास्त लोखंड मिळते.

मोठ्या ब्रेकचा फायदा कुठेच नाही का?

आहे, आणि तो उष्णतेचा आहे. 1200 किलोची गाडी 120 वरून थांबवताना सुमारे 667 किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. दोन लिटर पाण्याला उकळी आणायला साधारण एवढीच लागते, आणि इथे ती जेमतेम सव्वाचार सेकंदांत येते. एकदा थांबण्यापुरते मूळ ब्रेक हे सहज पेलतात. कन्नडचा औट्रम घाट चाळीसगावकडे उतरताना पुन्हा पुन्हा ब्रेक दाबला, गाडीत पाच माणसे आणि सामान असले, तर पॅड तापून पकड सोडतात. अशा वापराला मोठी डिस्क खरोखर उपयोगी पडते. पण त्याआधी ब्रेक ऑइलकडे पाहावे. ते हवेतला ओलावा शोषते. नवे डॉट 4 ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषल्यावर ही हमी 155 अंशांवर येते. ऑइल उकळले की नळीत वाफ होते आणि पेडल थेट तळाला जाते. त्यापुढे कॅलिपर कुठलाही असो. दोन वर्षांनी ऑइल बदलणे, चांगले पॅड आणि घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरणे हा स्वस्त उपाय आहे, पण त्याचा फोटो काढून मित्रांना दाखवता येत नाही.

बसवताना कुठे चुकते?

बोल्टमधले अंतर, डिस्कची जाडी, नळीचे आटे जुळावे लागतात. मोठी डिस्क 14 इंची रिममध्ये मावेलच असे नाही. कॉलेजात आमच्या गटाने एका जुन्या हॅचबॅकवर हा प्रयोग केला होता. लिटरभर ऑइल संपले, तरी पेडल स्पंजासारखेच. डावा-उजवा कॅलिपर उलट बसला होता. त्यामुळे एअर काढायचा निपल वर येण्याऐवजी खाली गेला आणि हवा वरच अडकून राहिली. चार इंजिनीअर होऊ घातलेल्यांना ते समजायला दुपार गेली. गाडी रस्त्यावर नेली नव्हती, एवढेच नशीब.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतील तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये केरळमधील एका प्रकरणात हे कलम कडकपणे लावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ नुसार नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. आरसीवर कॅलिपरचा उल्लेख नसतो, म्हणून रस्त्यात सहसा कुणी चाकामागे डोकावत नाही. अपघातानंतर मात्र विमा कंपनीचा सर्वेक्षक डोकावतो, आणि न कळवलेला बदल दाव्यावर वादाचे कारण ठरू शकतो.

खासगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांची असते. नूतनीकरणाच्या वेळी आरटीओची तपासणी होते. तोपर्यंत आत काय बसवले आहे, हे मालक आणि मिस्त्री यांनाच ठाऊक. जुनी गाडी घेणाऱ्याला तर तेही नाही. त्याने एक पुढचे चाक काढून घेऊन निपल वर आहे का ते पाहावे, दोन्ही बाजूंचे कॅलिपर सारखे आहेत का ते पाहावे आणि पॅडचा भाग क्रमांक त्या मॉडेलच्या क्रमांकाशी ताडून घ्यावा. व्यवहार ठरण्याआधी.