प्राग व्हाया बोरगाव मेघे

लग्नाला दोन वर्षं झाली की प्रत्येक कपलला एक आजार होतो. युरोप! जुनं शहर, दगडी पूल, नदीकाठची कॉफी. आमचं प्राग ठरलं होतं. मग व्हिसा, विमान आणि घराचा ईएमआय यांची बेरीज झाली आणि नवरोबा म्हणाले, "माझी मावशी बोरगाव मेघेला असते."

नाकं मुरडू नका. बोरगाव मेघे म्हणजे वर्धा शहराला चिकटलेलं गाव. मुंबईहून रात्रीची गाडी पकडायची की सकाळी वर्धा. जुनं शहर हवंय? शेजारचं पवनार घ्या. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर ती हीच, असं अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे पाचवं शतक, बॉस! प्रागचा किल्ला नवव्या शतकातला. नदी हवी तर धाम आहे. तिच्या काठावर विनोबांनी 1959 मध्ये खास स्त्रियांसाठी सुरू केलेलं ब्रह्मविद्या मंदिर आहे आणि तिथल्याच जमिनीत सापडलेल्या प्राचीन मूर्तीही. वाइन मात्र विसरा, अख्ख्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. त्याऐवजी गाईच्या तुपातला गोरसपाक खा. एका पुड्यावर कुणाचंच भागत नाही.

एकच लोचा होता. रोमान्सला स्कोप शून्य! रात्री मी मावशींबरोबर आतल्या खोलीत, नवरोबा काकांबरोबर हॉलमध्ये. दोघं जरा गच्चीवर गेलो की खालून हाक, "काहून व बाई, जेवत नाही काय?"

दुसऱ्या दिवशी सेवाग्राम. वर्ध्यापासून 8 किलोमीटर. गांधीजी 1936 मध्ये इथे राहायला आले, तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. 1940 मध्ये ते सेवाग्राम झालं. सगळे बापू कुटीत रेंगाळतात. माती, बांबू आणि कौलं. मी मात्र अडकले आदि निवासात. सुरुवातीला सगळे याच एका घरात राहायचे. बापू, बा, सहकारी, पाहुणे, सगळे एकत्र. लग्नाला पन्नास वर्षं उलटून गेलेल्या कस्तुरबांना एवढ्या माणसांत, त्यातही पुरुषांत, स्वतःचा कोपरा नव्हता. त्यांची अडचण जमनालाल बजाजांनी ओळखली आणि बा कुटी उभी राहिली. अगदी छोटी. पण दार त्यांचं स्वतःचं.

ज्यांनी आयुष्यभर सगळं सोडलं, त्या बाईलाही एक खोली लागली. मग आमच्या वन बीएचकेत डायनिंग टेबलाच्या अर्ध्या भागावर लेख लिहिणारी मी काय जगावेगळं मागत होते? आश्रमातल्या झाडाखाली बसून मी हे नवरोबांना सांगितलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच. घरी ही बोलणी नेहमी कुकरच्या शिट्टीत किंवा त्यांच्या ऑफिसच्या फोनमध्ये विरून जायची. इथे ते गप्प बसून ऐकत राहिले. मग म्हणाले, "बेडरूममधलं टेबल तू घे. मी हॉलमध्ये बसेन."

तर मंडळी, नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात जा, मे महिन्यात अजिबात नको. सेवाग्राम, पवनार आणि 1938 पासूनचं मगन संग्रहालय दोन दिवसांत आरामात होतं. राहायला मात्र मावशीकडे जाऊ नका, खोली बुक करा. आणि गोरसपाकचे चार पुडे जास्त घ्या. ऑफिसमध्ये दुपारपर्यंतही उरणार नाहीत.