अर्धवट विचारलेला प्रश्न

इंग्लंडमधल्या स्विंडनमध्ये आमच्या गल्लीत ब्रेक्झिटचं नाव आता कुणी काढत नाही. शेजारच्या आजोबांनी २०१६ च्या सार्वमतात युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिलं होतं, त्यांच्या मुलीने राहण्याच्या बाजूने. वर्षभर बाप-लेकीचं बोलणं तुटलं होतं. आज दोघं एकाच टेबलावर चहा घेतात आणि लंडनच्या राजकारण्यांवर सारखेच संतापतात. हरलेल्यांचा राग कुणालाही समजतो. या देशात जिंकलेलेही तितकेच चिडलेले आहेत, आणि त्याचं कारण माझ्या मते त्या मतपत्रिकेवरच होतं.

मी मूळची गोव्यातल्या फोंड्याची. लग्नानंतर इंग्लंडला आले, पासपोर्ट मात्र भारतीयच ठेवला. निवडणूक असली की इथल्या मतदान केंद्रावर कारकून म्हणून बसते. सकाळी ७ ते रात्री १०, यादीत नाव शोधायचं, खूण करायची, मतपत्रिका हातात द्यायची. २३ जून २०१६ चा सार्वमताचा दिवस बाकीच्या निवडणुकांसारखा नव्हता. आयुष्यात कधी मत न दिलेली माणसं आली होती. कागदाची घडी घालायची का, नाव लिहायचं का, असं विचारत होती. पेन्सिलीची खूण मागाहून खोडतात अशी अफवा पसरली होती, म्हणून कितीतरी जण खिशातून स्वतःचं पेन काढत होते. मनात एवढा संशय असूनही माणसं आली होती, हे मला फार मोठं वाटतं. देशभर ७२.२ टक्के मतदान झालं. २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत ते ६० टक्क्यांच्या आसपास घसरलं. पहिल्यांदाच विश्वास टाकून आलेल्या त्या माणसांतले किती परत घरी बसले असतील, हा विचार मला छळतो.

त्या दिवशी एक सासष्टीचं जोडपं आलं. स्विंडनमध्ये गोंयकारांची मोठी वस्ती आहे. १९६१ मध्ये पोर्तुगीज राजवट संपण्यापूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं, आणि त्या पासपोर्टवर हजारो जण इथे स्थिरावले. या जोडप्यातला नवरा पोर्तुगीज नागरिक, बायको भारतीय पासपोर्टवर, त्याच्या हक्कामुळेच इथे आलेली. राष्ट्रकुलातल्या देशाची नागरिक म्हणून तिला सार्वमतात मत होतं. त्याला नव्हतं. ‘म्हजें नांव ना?’ त्याने कोकणीत विचारलं. यादीत त्याचं नाव होतं, पण ते फक्त स्थानिक निवडणुकीपुरतं. निकालाने ज्याचं आयुष्य सर्वात आधी हलणार होतं, तो भिंतीशी उभा राहिला आणि बायको आत गेली. नियम काय आहे ते मी त्याला नीट सांगितलं. तो न्याय्य का आहे, हे मला सांगता येत नव्हतं.

स्विंडनने ५४.७ टक्क्यांनी ‘बाहेर’ म्हटलं, देशाने ५१.९ टक्क्यांनी. स्कॉटलंडने ६२ टक्क्यांनी ‘राहू’ म्हटलं होतं. इतका निसटता आणि इतका विभागलेला कौल राबवायचा तर आधी तो कशाचा आहे ते ठाऊक हवं. प्रश्न एवढाच होता की संघात राहायचं की सोडायचं. सोडून जायचं कुठे? नॉर्वेसारखं एकल बाजारात थांबायचं, सीमाशुल्क संघात राहायचं, कॅनडासारखा व्यापारी करार करायचा, की काहीच न ठरवता बाहेर पडायचं? बाहेर पडा म्हणणाऱ्यांच्यातच यावर एकमत नव्हतं. डेव्हिड कॅमेरून यांच्या सरकारने घरोघर पत्रक पाठवून तुमचा निर्णय आम्ही अमलात आणू असं वचन दिलं आणि त्याच वेळी ‘बाहेर’ असा निकाल लागला तर काय, याची तयारी करण्यापासून प्रशासनाला रोखलं. संसदेच्या परराष्ट्र व्यवहार समितीने पुढे त्यावर कडक ताशेरे ओढले. मतदानाच्या दुसऱ्याच सकाळी कॅमेरून यांनी राजीनामा जाहीर केला.

मग संसदेत जे झालं ते आमच्या गावाने टीव्हीवर पाहिलं. १५ जानेवारी २०१९ ला पंतप्रधान थेरेसा मे यांचा संघाशी झालेला करार ४३२ विरुद्ध २०२ मतांनी पडला. २७ मार्चला खासदारांनी आठ पर्यायांवर मतदान केलं आणि एकालाही बहुमत मिळालं नाही. १ एप्रिलला सीमाशुल्क संघाचा पर्याय अवघ्या तीन मतांनी हुकला. प्रत्येक जण जनतेच्या इच्छेचा दाखला देत होता, आणि प्रत्येकाच्या तोंडी ती इच्छा वेगळी होती. कारण ती विचारलीच गेली नव्हती.

त्याच वर्षी फेब्रुवारीत होंडाने आमच्या गावातला कारखाना बंद करण्याची घोषणा केली. साडेतीन हजार नोकऱ्या. हा रेल्वेचा गाव, १९८६ मध्ये रेल्वेचे कारखाने बंद पडल्यावर होंडाने त्याला सावरलं होतं. ब्रेक्झिट हे कारण नाही असं कंपनीने सांगितलं, आणि मला त्यावर वाद घालायचा नाही. माझी तक्रार निराळी आहे. गावाला सरकारची इतकी गरज असताना सरकार आपल्याच पक्षातली बंडखोर मतं मोजण्यात बुडालेलं होतं. २०२१ च्या जुलैमध्ये कारखान्याची दारं बंद झाली. तोवर देशाने तिसरा पंतप्रधान पाहिला होता. २०१६ ते २०२४ या आठ वर्षांत सहा झाले.

मला राहून राहून गोव्याचा जनमत कौल आठवतो. १६ जानेवारी १९६७. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, केंद्रशासित राहायचं तर दोन पानं. माझे वडील फुलवाले. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. त्या पराभवाची खंत वडिलांना शेवटपर्यंत होती. पण आपल्याला फसवलं असं ते कधी म्हणाले नाहीत. दोन्ही वाटा लोकांच्या डोळ्यांसमोर होत्या. महाराष्ट्र कसा आहे हे दिसत होतं, केंद्रशासित कारभार लोक जगतच होते. मतदान निःपक्षपाती व्हावं म्हणून मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने आधी राजीनामा दिला. आणि काही महिन्यांतच, विलीनीकरण नाकारणाऱ्या त्याच गोव्याने विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्षाला पुन्हा सत्तेवर बसवलं. भाऊसाहेब परत मुख्यमंत्री झाले. विलीनीकरणाचा प्रश्न संपला होता, राज्य कुणी चालवायचं हा वेगळा प्रश्न होता, आणि मतदारांना दोन्हींतला फरक कळत होता. कटुता राहिलीच, भाषेचा वाद तर ऐंशीच्या दशकात रस्त्यावर आला. तरी १९६७ चा कौल नेमका कशाचा होता, यावर कुणाला वर्षानुवर्षं भांडावं लागलं नाही.

ब्रिटनच्या शेजारी आयर्लंडने २०१८ मध्ये गर्भपातबंदी उठवण्याचं सार्वमत घेतलं. त्याआधी ९९ सामान्य नागरिकांच्या सभेने हा विषय महिनोन्‌महिने तपासला, आणि कौल बाजूने लागला तर कायदा कसा असेल याचा आराखडा सरकारने मतदानापूर्वी प्रसिद्ध केला. तिथेही समाज दुभंगलेला होता. पण दुसऱ्या दिवशी पुढे काय करायचं हे ठरलेलं होतं.

हे सगळं जुनं उगाळायचं कशाला, असं इथले मराठी मित्र विचारतात. माझं उत्तर एका आकड्यात आहे. हान्सार्ड सोसायटीच्या २०१९ च्या पाहणीत ५४ टक्के लोकांनी म्हटलं होतं की ब्रिटनला नियम मोडायला तयार असणारा खंबीर नेता हवा. तो आकडा वाचून मला भीती वाटली. संसद वर्षानुवर्षं अडून बसली की लोकांचा संसदेवरचा विश्वास उडतो आणि मग कुणीतरी येऊन म्हणतो, माझ्यावर सोडा. त्याच वर्षी पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी संसद स्थगित केली आणि सर्वोच्च न्यायालयात सुनावणी घेणाऱ्या अकराही न्यायाधीशांनी ती कृती बेकायदा ठरवली. न्यायालय उभं राहिलं म्हणून निभावलं.

आता स्कॉटलंडमध्ये स्वातंत्र्याच्या दुसऱ्या सार्वमताची मागणी आहे. उत्तर आयर्लंडने आयर्लंडमध्ये सामील व्हावं का, यावर मतदान घेण्याची तरतूद १९९८ च्या शांतता करारातच आहे. युरोपीय संघात परत जाण्याची चर्चाही अधूनमधून होते. यातलं काहीही मतदारांपुढे आणायचं असेल तर आधी पूर्ण मसुदा छापून घरोघर पोचवा. चलन कोणतं, पेन्शन कोण देणार, सीमेवर तपासणी होणार का, इथे राहणाऱ्या परक्यांचे हक्क काय, हे त्यात लिहा. वाटाघाटी झाल्याशिवाय मसुदा होत नसेल तर दोनदा मत घ्या, आधी वाटाघाटी सुरू करायला आणि मग झालेला करार मान्य करायला. ज्यांचं राहणं-जाणं त्या निकालावर ठरणार आहे, त्या रहिवाशांना मत द्या. आणि यातलं काही जमणार नसेल, तर खासदारांनी तो निर्णय स्वतः घ्यावा, स्वतःच्या नावाने मत नोंदवावं आणि पुढच्या निवडणुकीत आमच्या दारात येऊन त्याचा जाब द्यावा.