बिलाचे सॉफ्टवेअरही थानासारखे पारखून घ्या

२२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांवरील जीएसटी बदलला. नगाची किंमत २,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के व त्यावर एक रुपया जरी गेली तरी १८ टक्के. त्याआधी ही रेषा १,००० रुपयांवर होती आणि वरचा दर १२ टक्के होता. सरकारने दर बदलला, सॉफ्टवेअरवाल्याने अपडेट पाठवले, आपण बटण दाबले आणि बिले निघू लागली. पण ती बरोबर निघतात की नाही, हे किती दुकानदारांनी स्वतः पाहिले?

व्यापारी बांधव थान घेताना धागा ओढून जाळून पाहतात. राख झाली तर सूत, कडक मणी झाला तर पॉलिस्टर. ओला रुमाल घासून रंग पक्का आहे का, ते बघतात. भिंग लावून इंचातले ताणेबाणे मोजतात. मग सॉफ्टवेअरच्या बाबतीत ही पारख कुठे जाते? उत्तर ठरलेले असते, ‘ते कंपनीने तपासलेले असते.’ अहो, थानही मिलने तपासलेलेच असते, तरी आपण ते उलगडून पाहतोच ना!

सॉफ्टवेअरच्या धंद्यात तपासणी हा आता वेगळा पेशा आहे. पूर्वी सगळे काम तयार झाले की शेवटी तपासत. आता माल मागावर असतानाच पाहावा तसे ते रोजचे काम रोज तपासतात. जुन्या तपासण्याही यंत्राकडून पुन्हा पुन्हा करून घेतात, कारण एका जागी ठिगळ लावताना दुसरीकडची शिवण उसवते. त्यांचा एक नियम मला फार पटला. चूक बहुधा काठावर सापडते.

आपला काठ २,५०० चा. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये चाचणीसाठी वेगळे खाते उघडा, म्हणजे खऱ्या बिलांचे नंबर बिघडणार नाहीत. त्यात कर सोडून २,४९९, २,५०० आणि २,५०१ अशी तीन बिले काढा. पहिल्या दोन्हींवर ५ टक्के, तिसऱ्यावर १८ लागले पाहिजेत. मग २,८०० चा नग घ्या आणि बिलातच १५ टक्के सूट द्या. किंमत २,३८० झाली, म्हणजे ५ टक्केच. सॉफ्टवेअर सुटीआधीची किंमत पाहून १८ लावत असेल तर गिऱ्हाइकाचा खिसा विनाकारण कापला जातो.

खरी मेख पुढे आहे. कर धरून २,७०० रुपये किंमत लावलेला नग घ्या. ५ टक्क्यांनी मूळ किंमत काढली तर २,५७१ येते, म्हणजे ५ टक्के लागू नाही. १८ ने काढली तर २,२८८ येते, म्हणजे १८ ही लागू नाही. करासह २,६२५ च्या वर आणि २,९५० पर्यंत कोणतीही किंमत घ्या, हाच घोळ. सॉफ्टवेअर मात्र गप्प बसत नाही, काहीतरी एक उत्तर ठोकून देते! असे भाव चिठ्ठीवर लिहूच नयेत, हे माझे मत. पाढे पाठ असलेल्या माणसाला हा हिशेब पाटीवरही करता येतो.

हिशेब बरोबर असूनही गाडी अडते, ती गर्दीने. ई-वे बिलाची चाचणी १६ जानेवारी २०१८ पासून चालू होती. पण १ फेब्रुवारीला देशभर सक्ती झाली आणि पहिल्याच दिवशी पोर्टल कोलमडले. सक्ती पुढे ढकलावी लागली. मग १ एप्रिलला फक्त परराज्यातल्या मालासाठी, १५ एप्रिलपासून राज्यांतर्गत मालासाठी थोडी थोडी राज्ये घेत, असे ते सुरू झाले. महाराष्ट्राचा नंबर २५ मे रोजी लागला. आधी थोड्यांवर चालवून पाहावे, ही आजची रीत. दुकानातही ईद-दिवाळीच्या गर्दीआधी सगळे काउंटर एकदम चालवून पाहावेत.

आपल्याच जिल्ह्यात, औंढ्याजवळ दुधाळा येथे लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहत आहे. अमेरिकेतल्या लायगोने सप्टेंबर २०१० मध्ये स्वतःच्याच यंत्रात गुपचूप एक बनावट संकेत घातला. शास्त्रज्ञांनी तो पकडला, महिनोन्‌महिने तपासला, निबंधही लिहून ठेवला. मार्च २०११ मध्ये पाकीट उघडले तेव्हा कळले की ती परीक्षा होती. म्हणजे यंत्र आणि माणसे दोन्ही जागी होती. मुनिमाला न सांगता चाचणीच्या खात्यात एखादे वाकडे बिल टाकून पाहायला आपल्याला काय हरकत आहे?

कर कमी भरला गेला तर नोटीस सॉफ्टवेअरवाल्याला येत नाही, आपल्याला येते, आणि सालाना १८ टक्के व्याजही आपल्यालाच बसते. म्हणून हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या कापड व्यापाऱ्यांनी मिळून सीएकडून अशा वीसेक बिलांचा कागद उत्तरांसह तयार करून घ्यावा. दर बदलला की बाजारात वापरात असलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरवर तो चालवावा आणि निकाल सर्वांना दिसेल असा लावावा. खर्च वाटून घेतला तर जड नाही. मोबाइलवर बिल काढणारे शिवणकामाचे कारागीर आहेत, त्यांच्याकडे ना मुनीम ना सीए. त्यांच्यासाठी हा कागद मराठी आणि उर्दू दोन्हींत छापावा.