विजेचे प्रयोग आणि खरी नोंद

बारावीच्या पदार्थविज्ञानांत ७० गुण लेखी परीक्षेस व ३० गुण प्रात्यक्षिकास असतात. ह्या ३० गुणांची तयारी म्हणून पुष्कळ विद्यार्थी मागील वर्षाची कोणाची तरी नोंदवही मिळवितात, तींतील आंकडे पाठ करितात, आणि उत्तर आधीं ठरवून त्यास जुळतील अशा नोंदी मागाहून रचितात. आमच्या मतें हिला तयारी म्हणतांच येत नाहीं. शेजारच्या मेजावरील तारेचा रोध तो आपल्या तारेचा नव्हे, हें परीक्षकांस पहिल्या प्रश्नांतच कळून येतें.

परीक्षेंत वरचेवर येणाऱ्या ओहमच्या नियमाचाच इतिहास पाहावा. गेऑर्ग ओहम हे जर्मनींतील कोलोन येथें शाळाशिक्षक होते. वडील कुलुपें करणारे कारागीर असल्यामुळें उपकरणें स्वहस्तें घडविण्याची त्यांस संवय होती. १८२५ सालच्या त्यांच्या पहिल्या प्रयोगांत घटाचा जोर प्रयोग चालू असतांच उतरत जाई. त्यामुळें त्यांनीं मांडलेलें पहिलें सूत्र चुकीचें ठरलें. तेव्हां पोगेनडॉर्फ ह्यांच्या सूचनेवरून त्यांनीं घट सोडून, दोन धातूंच्या सांध्यांतील उष्णतेच्या फरकावर चालणारें स्थिर साधन घेतलें, आणि १८२६ सालीं खरा नियम हातीं आला. पुढें १८४१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यांस कॉप्ली पदक दिलें. आंकडे रंगविण्याऐवजीं साधन सुधारावें, हा धडा त्यांत आहे.

मग खरी तयारी कोणती? प्रत्येकानें विजेचें मंडल स्वतः जोडावें, मोडावें व पुन्हा जोडावें. तारांचीं टोकें काचकागदानें घासावीं. रोधपेटीच्या खुंट्या पिळून घट्ट बसवाव्या. चावी नोंद घेण्यापुरतीच लावावी. सतत लावून ठेविल्यास घट उतरतो, व ओहम ह्यांस जें नडलें तेंच आपणांस नडतें. मीटर ब्रिजच्या तारेवर जॉकी घासत नेऊं नये. अलगद टेकवावी व उचलावी. ती तारेच्या दोन्ही टोकांस टेकविली असतां कांटा एकाच बाजूस वळला, तर जोडणी पुन्हा तपासावी. शून्यबिंदु तारेच्या मध्याजवळ येईल असा रोध निवडावा, म्हणजे चुकीचें प्रमाण अल्प राहतें. नंतर दोन्ही रोधांच्या जागा बदलून पुन्हा मोजावें व सरासरी काढावी. टोकांकडील पट्ट्यांच्या रोधाचा दोष त्यानें बराच कमी होतो. हें कां करावें, असें परीक्षकांनीं विचारलें असतां पाठ केलेली वही मुकी राहते.

हीं साधनें आम्हां भंडाऱ्याच्या लोकांस परकीं वाटण्याचें कारण नाहीं. आमचें शहर पितळेच्या भांड्यांकरितां प्रसिद्ध आहे, आणि रोधपेटीच्या खुंट्या पितळेच्याच असतात. तुमसर तालुक्यांतील डोंगरी बुजुर्गच्या खाणींतील मँगनीज डायऑक्साइड कोरडे घट बनविण्यास उपयोगी पडतें. मीटर ब्रिजची तार पुष्कळदां मँगॅनिनची, म्हणजे तांबें, मँगनीज व निकेल ह्यांच्या मिश्रधातूची असते. किंचित् तापली तरी तिचा रोध जवळजवळ तोच राहतो.

साधनें थोडीं, मुलें फार, अशी अडचण सांगतात व ती खोटी नाहीं. एका मेजाभोंवतीं चौघे असले कीं एक प्रयोग करितो व तिघे उतरून घेतात. परंतु ह्यावर उपाय पाळी लावण्याचा आहे. पालकांनींही "गुण किती?" असें विचारण्यापूर्वीं "आज काय जोडलेंस?" असें विचारावें. दीड व्होल्टचे दोन घट, विजेरींतील लहान दिवा व हातभर तार एवढ्यावर घरीं पुष्कळ शिकतां येतें. भिंतींतील २३० व्होल्टच्या विजेस मात्र प्रयोगासाठीं हात लावूं नये.

ह्याच मुलांपैकीं उद्यां कोणी रुग्णाचें रक्त तपासील, कोणी घराघरांत विजेच्या तारा जोडील. तेथें मनांतील आंकडा लिहिणें दुसऱ्याच्या जिवावर बेतेल. म्हणून विद्यार्थ्यांनो, उत्तर पुस्तकाशीं न जुळलें तरी मोजलें तेंच लिहा, आणि कां जुळलें नाहीं तें शोधा. त्यांत एखादा गुण गेला, तर तो आम्ही मोठा तोटा मानीत नाहीं.