फोटो फुकट मिळाला, पण त्यातल्या माणसाला विचारलं का? जाहिरातीत स्टॉक फोटो वापरण्याआधी हे वाचा

मार्च २०२५. मुंबई उच्च न्यायालयासमोर एका महिलेची याचिका सुनावणीला आली. तिचं म्हणणं असं होतं, की ओळखीच्या एका फोटोग्राफरने तिचा फोटो काढला आणि तिला न विचारता शटरस्टॉक या अमेरिकी वेबसाईटवर टाकला. तिथून तो केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाच्या, महाराष्ट्रासह चार राज्य सरकारांच्या, काँग्रेस पक्षाच्या आणि काही खासगी संस्थांच्या जाहिरातींमध्ये पोहोचला. ज्या योजनांशी तिचा काही संबंध नव्हता, त्यांची ती चेहरा बनली होती.

न्यायालयाने हा प्रश्न गंभीर असल्याचं म्हटलं. प्रथमदर्शनी हा फोटोचा व्यावसायिक गैरवापर दिसतो, असं नोंदवून सगळ्यांना नोटिसा काढल्या.

आता तुम्ही म्हणाल, सरकार आणि मोठ्या कंपन्यांच्या भानगडीशी आपला काय संबंध?

संबंध आहे. वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातलं इंझोरी घ्या. समजा तिथल्या एका तरुणाने मळणीयंत्र भाड्याने द्यायला सुरुवात केली. बचत गटाने तूरडाळ विकायला काढली. जाहिरात कुठे करणार? व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस, फेसबुक पेज, इन्स्टाग्राम. पोस्टर मोबाईलवरच बनतं आणि फोटो येतो गूगलवरून. 'हसणारा शेतकरी' असं टाकलं की शेकडो फोटो समोर. एक उचलला, नाव-नंबर टाकला, काम झालं.

पण त्या फोटोवर दोन वेगवेगळ्या माणसांचा हक्क असतो. एक कॅमेऱ्यामागचा आणि दुसरा कॅमेऱ्यासमोरचा. बहुतेक जण पहिल्याचा विचार करत नाहीत, आणि जे करतात ते दुसऱ्याला विसरतात.

कॅमेऱ्यामागच्या माणसाचा हक्क काय?

कॉपीराईट कायदा १९५७ सालचा आहे. या कायद्यानुसार जो फोटो काढतो, तो त्या फोटोचा कर्ता. बटण दाबलं त्या क्षणी हक्क तयार होतो. नोंदणी करावी लागत नाही, फोटोवर नाव किंवा वॉटरमार्क असावा लागत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर हा हक्क फोटोग्राफर हयात असेपर्यंत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो.

एक अपवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे. तुम्ही पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केला नसेल, तर त्याचे पहिले मालक तुम्ही. दुकानाचे फोटो काढायला तुम्ही फोटोग्राफर बोलावला, तर ते फोटो तुमचे.

बातमी, समीक्षा, टीका यासाठी कायद्यात काही सवलती आहेत. मालाच्या जाहिरातीला त्या लागू होत नाहीत. 'फोटो सौजन्य : गूगल' असं लिहूनही सुटका नाही, कारण गूगल फक्त फोटो शोधून देतं. तो फोटो त्यांचा नसतो.

शिक्षा? कलम ६३ नुसार जाणूनबुजून उल्लंघन केल्यास ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. धंद्यातल्या फायद्यासाठी उल्लंघन केलेलं नसेल, तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचा निकाल दिला. व्यवहारात आधी सहसा येते ती नोटीस, पोस्ट काढून टाकली जाणं किंवा भरपाईची मागणी. पण कायदा किती कडक आहे, ते माहीत असलेलं बरं.

मग फुकट फोटोंच्या साईट कशासाठी आहेत?

अनस्प्लॅश, पेक्सेल्स, पिक्साबे या साईटवरचे फोटो जाहिरातीत वापरता येतात. पैसे नाहीत, नाव देण्याची सक्तीही नाही. फोटो जसाच्या तसा विकायचा नाही, अशा काही अटी मात्र आहेत. यातली अनस्प्लॅश २०२१ मध्ये गेटी इमेजेसने विकत घेतली, तर पेक्सेल्स आणि पिक्साबे २०१९ पासून कॅन्व्हाकडे आहेत.

विकिमीडिया कॉमन्सवरही खजिना आहे. पण तिथे आणि इतर साईटवरही प्रत्येक फोटोचा परवाना वेगळा असू शकतो, त्यामुळे फोटोखालचा परवाना वाचायचा :

- सीसी झिरो : कुठेही वापरा, नाव देणं बंधनकारक नाही.
- सीसी बाय : वापरा, पण फोटोग्राफरचं नाव आणि परवान्याचा उल्लेख हवा.
- सीसी बाय एसए : नाव द्या, आणि फोटोत बदल करून काही नवं केलं तर तेही याच परवान्याखाली ठेवा.
- एनसी असं लिहिलेलं असेल : धंद्यासाठी नाही, म्हणजे जाहिरातीत नाही.
- एनडी असं लिहिलेलं असेल : बदललेला फोटो पुढे वापरता येत नाही. कापाकापी करून पोस्टर बनवायचं असेल, तर हा फोटो सोडा.

गूगलच्या फोटो शोधात 'टूल्स'मध्ये जाऊन वापराच्या हक्कांनुसार फोटो गाळता येतात. तरी डाऊनलोड करण्याआधी मूळ पानावर जाऊन परवाना तपासाच.

आणखी दोन शब्द फसवतात. 'रॉयल्टी फ्री' म्हणजे फुकट नव्हे. एकदा पैसे भरायचे, मग दर वापराला वेगळे पैसे नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. 'एडिटोरियल यूज ओन्ली' म्हणजे फक्त बातमी-लेखासाठी. तो फोटो जाहिरातीत चालत नाही.

आणि कॅमेऱ्यासमोरच्या माणसाचं काय?

इथेच खरी गोम आहे. फोटोग्राफरचा परवाना मिळाला म्हणजे फोटोतल्या माणसाची संमती मिळाली, असं नाही. फोटोत ओळखू येणाऱ्या माणसांचे हक्क आपल्या परवान्यात येत नाहीत, हे अनस्प्लॅश स्वतःच सांगते. फोटोतला माणूस तुमच्या मालाची शिफारस करतोय असं भासवू नका, अशी पेक्सेल्सची अट आहे.

ही अट का आहे, ते दोन प्रसंगांतून कळतं. डिसेंबर २०२० मध्ये पंजाब भाजपने कृषी कायद्यांच्या बाजूने केलेल्या जाहिरातीत एक हसरा शेतकरी दाखवला. तो माणूस त्या वेळी सिंघू सीमेवर त्याच कायद्यांच्या विरोधात आंदोलनाला बसला होता.

जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारच्या तीर्थदर्शन योजनेच्या जाहिरातीत एका वृद्धाचा चेहरा झळकला. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातल्या एका कुटुंबाने तो ओळखला. तीन वर्षांपासून बेपत्ता असलेले त्यांचे वडील होते ते.

मोठ्या एजन्सींच्या, पक्षांच्या जाहिरातीत असं होत असेल, तर मोबाईलवर बनवलेल्या पोस्टरमध्ये का होणार नाही? शिवाय स्टॉक साईटवर 'भारतीय शेतकरी', 'ग्रामीण महिला' अशा फोटोंना मागणी असते. ते चेहरे कुठले असतात? इंझोरीसारख्याच गावांमधले. म्हणजे उद्या आपण कुणाचा तरी फोटो वापरणारे असू, आणि परवा कुणीतरी आपल्याच आईचा फोटो वापरत असेल. २०१७ च्या पुट्टास्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. तो हक्क त्या माऊलीलाही आहे.

स्टॉक फोटोतून ग्राहकाची फसवणूकही होऊ शकते

परदेशातल्या टरारलेल्या सोयाबीनचा फोटो लावून 'आमच्या बियाण्याचा रिझल्ट' असं लिहिलं, तर कॉपीराईट साफ असूनही जाहिरात खोटीच. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकतं. एआयने बनवलेलं पीक 'रिझल्ट' म्हणून दाखवलं, तरी फसवणूक तीच. स्टॉक फोटो सजावटीला ठीक आहे, पुराव्याला नाही.

मग करायचं काय?

सगळ्यात सोपा आणि स्वस्त उपाय खिशात आहे : स्वतःचा मोबाईल. आपलं यंत्र, आपली डाळ, आपलं शेत. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या उन्हात काढलेला खरा फोटो ग्राहकाला जास्त पटतो, आणि त्यावर कुणाची नोटीस येत नाही.

फोटोत माणूस असेल तर त्याला आधी विचारा आणि दोन ओळी लिहून घ्या. उदाहरणार्थ : 'माझा हा फोटो अमुक दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक आणि छापील जाहिरातीत दोन वर्षं वापरायला माझी संमती आहे. फोटो दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही.' खाली नाव, तारीख, सही किंवा अंगठा. लहान मूल असेल तर आई-वडिलांची सही. वाचता येत नसेल तर कागद मोठ्याने वाचून दाखवा.

बाहेरचा फोटो घ्यावाच लागला, तर शक्यतो चेहरा नसलेला घ्या : पीक, अवजार, हात, रस्ता. ज्या पानावरून घेतला त्याचा परवान्यासकट स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा. उद्या कुणी विचारलं तर दाखवायला काहीतरी हवं.

आणि तुमचाच चेहरा एखाद्या जाहिरातीत दिसला तर? आधी स्क्रीनशॉट आणि लिंक जपा. गूगल लेन्समध्ये तो फोटो टाकून आणखी कुठे आहे ते शोधा. मग जाहिरातदाराला आणि फोटो विकणाऱ्या साईटला लेखी विचारा : माझ्या सहीचं संमतीपत्र दाखवा. शटरस्टॉकसारख्या साईट जाहिरातीसाठीच्या फोटोंना असं संमतीपत्र मागतात, म्हणून हा प्रश्न नेमका लागतो. सोशल मीडिया कंपन्यांना तक्रार अधिकारी नेमणं बंधनकारक आहे, तिथेही तक्रार करा. तरीही ऐकलं नाही, तर न्यायालयाचा रस्ता आहे. सुरुवातीच्या याचिकेतल्या महिलेने तोच धरला.

पुढचं पोस्टर बनवताना दोनच प्रश्न विचारा. हा फोटो कुणी काढला? आणि यात दिसणाऱ्या माणसाला हे माहीत आहे का? दोन्हींची उत्तरं हातात असतील, तर बिनधास्त शेअर करा.